नकाशा कानावर घालताना

भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राच्या पर्जन्याचा नकाशा असतो. डोळस विद्यार्थी त्यावरून नजर फिरवतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. तेच पान पीडीएफ होऊन दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलवर येते, तेव्हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, नकाशापाशी पोचून ‘ग्राफिक’ एवढा एक शब्द उच्चारतो आणि पुढे सरकतो. कुणी आस्थेने काम केले असेल तर ‘महाराष्ट्राचा पर्जन्य नकाशा’ असे ऐकू येते. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण विद्यार्थ्याला नकाशाचे नाव तेवढे कळते, नकाशा त्याच्यापासून दूरच राहतो.

मग एखादा उत्साही माणूस वर्णन लिहायला बसतो. तो लिहितो : ‘नकाशात महाराष्ट्र पाच छटांत रंगवला आहे. डावीकडे गडद निळी उभी पट्टी आहे. तिच्या उजवीकडे फिकट पिवळा भाग असून अगदी उजवीकडे पुन्हा निळसर छटा दिसते. खाली कोपऱ्यात सूची आहे.’ यातला एकही शब्द खोटा नाही, आणि ऐकणाऱ्याच्या हाती पावसाचा एक थेंबही लागत नाही.

आता हे ऐका : ‘वार्षिक सरासरी पाऊस पाच गटांत दाखवणारा महाराष्ट्राचा नकाशा. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस आधी वाढतो, मग एकदम घटतो आणि पुढे हळूहळू पुन्हा वाढतो. कोकण किनाऱ्यावर तो 2000 मिलिमीटरच्या वर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर सर्वाधिक. महाबळेश्वर, आंबोली येथे 5000 च्याही वर. घाट ओलांडताच अरुंद पट्ट्यात तो 1000 च्या खाली येतो. माण, आटपाडी, जत, सोलापूर या भागात 500 ते 600 च्या आसपास राहतो. मराठवाडा ओलांडून विदर्भाच्या पूर्व टोकाला, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत, 1200 च्या पुढे जातो.’

रंग गेले आणि सह्याद्री आला. हे वर्णन लिहिणाऱ्याला तो नकाशा त्या पानावर कशासाठी छापला आहे हे माहीत होते : पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवण्यासाठी. हाच नकाशा ‘नकाशात छटांचा वापर कसा करतात’ अशा धड्यात असता, तर पहिल्या माणसाचे रंग कामाला आले असते आणि दुसऱ्याचे आकडे अडगळ ठरले असते. चित्र तेच, वर्णने दोन, आणि आपापल्या जागी दोन्ही योग्य. या विषयावरचे नियम, संशोधन आणि वाद गेल्या तीस वर्षांत बरेच साचले आहेत. ते वाचताना मला वाटते की खरा तिढा भाषेचा कमी आणि कामाच्या वाटणीचा जास्त आहे. चित्र तिथे का आहे हे ज्याला ठाऊक असते तो वर्णन लिहीत नाही, आणि वर्णन ज्याच्या गळ्यात पडते त्याला ते ठाऊक नसते.

नियमांची सुरुवात साधी होती. वेबपानावर चित्र आले नाही तर त्याच्या जागी दिसावा म्हणून शब्द लिहून ठेवण्याची सोय, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट किंवा पर्यायी मजकूर, 1995 च्या एचटीएमएलमध्ये होती. 1997 च्या चौथ्या आवृत्तीत ती सक्तीची झाली. एका ओळीत न मावणारी चित्रे असतात हे तेव्हाही लक्षात आले होते, म्हणून त्याच आवृत्तीत ‘लाँगडेस्क’ नावाची वेगळी सोय आली. चित्राला एक दुवा जोडायचा आणि त्या दुव्यामागे सविस्तर वर्णन ठेवायचे, अशी ती कल्पना. ती रुजली नाही. डोळस माणसाला तो दुवा पडद्यावर दिसतच नसे, त्यामुळे चुकला तरी कुणाच्या लक्षात येत नसे. कुठे तिथे चित्राचीच फाइल पुन्हा जोडलेली, तर कुठे तेच शीर्षक पुन्हा लिहिलेले. पुढे एचटीएमएल 5 ने ती मोडीत काढली. यावर वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले आणि 2015 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला वेगळे मानक म्हणून मान्यताही दिली, पण तोवर गाडी निघून गेली होती. यातून एक व्यवहारी शहाणपण उरले : सविस्तर वर्णन सगळ्यांना दिसेल असे ठेवा. चित्राखाली, उघडता-मिटता येणाऱ्या चौकटीत, किंवा परिशिष्टात. जे डोळस संपादकाच्या नजरेसमोर नसते ते कुणी तपासत नाही.

कायद्याचा पहिला ठळक दणका बसला तो सिडनीत. 2000 च्या ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. चित्रांना पर्यायी मजकूर नाही, खेळांच्या सूचीपर्यंत पोचता येत नाही, निकालांचे तक्ते वाचता येत नाहीत, असे तिचे तीन मुद्दे होते. हे सगळे सुधारायला परवडणार नाही इतका खर्च येईल, असा संयोजकांचा बचाव होता. आयोगाने तो फेटाळला. सुधारणा पुरती झाली नाही म्हणून शेवटी संयोजकांना 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. त्या तक्रारीत निकालांचे तक्ते होते, हे मला महत्त्वाचे वाटते. बोधचिन्हाला ‘बोधचिन्ह’ म्हणणे कुणालाही जमते. खरी परीक्षा अशा गुंतागुंतीच्या मजकुराची असते.

कायदे आणि मानके ‘पर्याय द्या’ एवढे सांगतात. तो कसा लिहायचा याची कारागिरी दुसरीकडे घडली, मुख्यतः अमेरिकेत. बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या प्रसारण संस्थेचे सुगम्य माध्यम केंद्र आणि बेनेटेक या संस्थेचे डायग्रॅम सेंटर यांनी विज्ञान-गणिताच्या पुस्तकांतली चित्रे घेऊन, दृष्टिहीन वाचकांना विचारून, मार्गदर्शक सूत्रे तयार केली. त्यांतली बरीचशी कुठल्याही चांगल्या शिक्षकाला मनातून ठाऊक असतात. आधी संपूर्ण चित्राचा आवाका, मग तपशील. आजूबाजूच्या मजकुरात जे आलेच आहे ते पुन्हा सांगायचे नाही. ‘या चित्रात असे दिसते की’ ही प्रस्तावना कापायची. रंग सांगायचा तो त्याला काही अर्थ असेल तरच.

दोन सूत्रे मात्र सहज सुचणारी नाहीत. पहिले : आकड्यांचा आलेख असेल तर निबंध लिहू नका, तक्ता द्या. स्तंभालेखातल्या बारा स्तंभांचे बारा वाक्यांत वर्णन ऐकणे हा छळ असतो. तक्त्यात स्क्रीन रीडरचा वापरकर्ता ओळीतून, रकान्यातून हवा तसा फिरतो, हव्या त्या दोन आकड्यांची तुलना करतो. प्रवाहतक्त्याचेही तसेच, ‘वरच्या चौकोनातून बाण डावीकडच्या चौकटीकडे जातो’ असे सांगण्यापेक्षा क्रमांक घातलेली यादी द्यावी : पायरी 3, उत्तर ‘हो’ असल्यास पायरी 4 वर, ‘नाही’ असल्यास 6 वर. चौकोन आणि बाण ही डोळ्यांची सोय होती, ती कानांवर लादण्याचे कारण नाही. दुसरे सूत्र लांबीचे. सरावलेले लोक स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला अक्षर कळत नाही, पण डोळा जसा पान चाळतो तसा कान चाळू शकत नाही. म्हणून मोठ्या वर्णनाचे पहिले वाक्य असे हवे की तिथेच थांबलेल्या माणसालाही चित्राचा गाभा मिळावा. पुढचे ऐकायचे की नाही, हे त्याने ठरवावे.

इथवर फारसे मतभेद नाहीत. वाद सुरू होतो तो ‘अर्थ सांगायचा की नाही’ इथे. आलेखाचे वर्णन करताना ‘2020 नंतर रेषा एकदम खाली येते’ म्हणणे ठीक. ‘टाळेबंदीमुळे खाली येते’ म्हणावे का? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या लुंडगार्ड आणि सत्यनारायण यांनी 2021 मध्ये आलेखांच्या वर्णनांतली 2,147 वाक्ये तपासून त्यांच्या चार पातळ्या लावल्या. आलेखाची रचना, म्हणजे कोणत्या अक्षावर काय आहे, ही पहिली. कमाल, किमान, सरासरी, तुलना ही दुसरी. एकूण कल, वळणे, अपवाद ही तिसरी. चौथ्या पातळीवर कारणे आणि संदर्भ. मग त्यांनी 30 दृष्टिहीन आणि 90 डोळस वाचकांना विचारले की यांतले काय उपयोगी वाटते. डोळस वाचकांना चौथी पातळी, म्हणजे गोष्ट सांगणारी वाक्ये, फार आवडली. दृष्टिहीन वाचकांपैकी बऱ्याच जणांनी तिलाच कमी उपयोगी ठरवले. त्यांचे म्हणणे असे की आकडे आणि कल द्या, निष्कर्ष आमचे आम्ही काढू.

या निष्कर्षापुढे बरीच सद्भावना ओशाळते. आपण मदत म्हणून जे पुढे करतो ते आपल्याला आवडणारे असते. आलेख समोर असलेल्या डोळस माणसाला लेखकाचे भाष्य पटले नाही तर तो रेषेकडे पुन्हा पाहू शकतो. ज्याच्याकडे फक्त भाष्य आहे, त्याला ते पडताळायला जागाच उरत नाही. तरीही या पातळ्या ताठरपणे पाळाव्यात असे मला वाटत नाही. पहिल्यांदाच आलेख शिकणाऱ्या सातवीच्या मुलाला आणि रोज बाजारभाव ऐकणाऱ्या गुंतवणूकदाराला एकच वर्णन कसे पुरेल? अर्थ सांगितला तर तो लेखकाचा आहे हे कळू द्यावे आणि आकड्यांपासून वेगळा ठेवावा, एवढे मात्र करता येते.

कलेच्या बाजूने हाच प्रश्न उलटा येतो. नाटक-चित्रपटांच्या श्राव्य वर्णनाची परंपरा 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर मार्गारेट आणि कोडी फॅन्स्टील यांनी सुरू केली. दिसते ते सांगा, मत देऊ नका, हा त्या परंपरेचा जुना दंडक. जॉर्जिना क्लीग या दृष्टिहीन लेखिकेने दृष्टिहीनत्व आणि कला यांवरच्या 2018 च्या पुस्तकात अशा तटस्थतेवर नेमके बोट ठेवले आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे ‘मुकुट घातलेला, हातात कमळ धरलेला पुरुष’ असे वर्णन तटस्थ आहे आणि निरुपयोगीही. त्या झुकलेल्या पापण्या, एका बाजूला कललेली मान, भोवतीच्या गर्दीत एकट्याने अंतर्मुख होणे यांबद्दल बोलायचे तर वर्णनकाराला स्वतःची नजर पणाला लावावीच लागते. तिथे एकापेक्षा अधिक माणसांची वर्णने शेजारी शेजारी ठेवावीत, हा उपाय मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

या दोन्ही टोकांना जोडणारे एक काम 2022 च्या जुलैत जगासमोर आले. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पहिली प्रकाशचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या सविस्तर वर्णनांचीही समाजमाध्यमांवर बरीच चर्चा झाली. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या खगोलतज्ज्ञ, लेखक आणि शिक्षक यांच्या गटाने ती लिहिली होती. कॅरिना तेजोमेघाच्या वर्णनात चित्र आधी एका नागमोडी रेषेने दोन भागांत तोडलेले होते : खाली तांबूस-तपकिरी ढगाळ पसारा, वर निळसर मोकळीक. मग एकेका भागाचा पोत, मग तारे. आधी सांगाडा आणि मग मांस, इतके स्वच्छ.

त्याच दिवशी प्रसिद्ध झालेले एक चित्र मात्र कमी गाजले, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते जास्त मोलाचे आहे. वास्प-96 बी या दूरच्या ग्रहाच्या वातावरणाचा वर्णपट म्हणजे निव्वळ आलेख होता. आडव्या अक्षावर तरंगलांबी, उभ्या अक्षावर ग्रहाने अडवलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाचे प्रमाण, आणि रेषेतले उंचवटे पाण्याच्या वाफेची खूण सांगणारे. मागे ग्रहाचे देखणे रंगचित्र होते, पण ते चित्रकाराच्या कल्पनेतले. खरी माहिती होती ती ठिपक्यांत. हा फरक नेमका कळायचा तर आलेख समजणारा माणूस वर्णनाच्या टेबलाशी बसलेला हवा. आणि एक गंमत अशी की वेब दुर्बीण अवरक्त प्रकाश टिपते, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. छापलेले रंग शास्त्रज्ञांनी ठरवून नेमून दिलेले असतात. तेव्हा त्या चित्रापुढे डोळसही कुणीतरी केलेले रूपांतरच पाहत असतात.

माणसांच्या छायाचित्रांचा प्रश्न वेगळ्या प्रकारे अवघड आहे. त्यात आकडे नसतात, ओळख असते. सिंथिया बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये वंश, लिंग आणि अपंगत्व यांविषयी स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांशी बोलून जे मांडले त्याचा सारांश असा की लोकांना ही माहिती हवी असते, पण चेहऱ्यावरून लावलेला अंदाज नको असतो. आपल्याकडे पेहराव, कुंकू, टोपी, पागोट्याची धाटणी यांवरून माणसाचे गाव आणि जात ओळखण्याची खोड इतकी मुरलेली आहे की मराठी वर्णनकाराने इथे दुप्पट सावध राहावे. नऊवारी दिसते, ती सांगावी. पुढचे ती व्यक्ती स्वतः सांगेल तेव्हा.

आता यंत्रांकडे. एप्रिल 2016 मध्ये फेसबुकने छायाचित्रांना आपोआप पर्यायी मजकूर द्यायला सुरुवात केली. ‘चित्रात असू शकते : दोन माणसे, झाड, आकाश’ अशी त्याची धाटणी. 2015 मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालेल्या ‘बी माय आइज’ या ॲपवर आधी डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवरून मदत करत. 2023 पासून तिथे जीपीटी-4 वर चालणारा सहायकही आला. आज कुठल्याही चित्राचे चार परिच्छेदांचे वर्णन क्षणात मिळते आणि त्यावर तेवढ्यापुरते समाधान न मानणारे दृष्टिहीन वापरकर्ते विरळाच. त्यांना दोष देता येणार नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चित्र असलेल्या सुमारे 11 लाख ट्विट्सपैकी जेमतेम 0.1 टक्क्यांना माणसाने लिहिलेला पर्यायी मजकूर होता. दाराशी कुणीच नसताना यंत्र आले, तर त्याला घरात घेणारच.

पण 2017 च्या एका प्रयोगाची आठवण ठेवायला हवी. हेली मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी दृष्टिहीन लोकांना यंत्राने लिहिलेली, चित्रासोबतच्या मजकुराशी न जुळणारी वर्णने दिली. ऐकणाऱ्यांनी वर्णनावर शंका घेण्याऐवजी मजकूर आणि चित्र यांची सांगड घालणारी कहाणी स्वतःच रचली. झाडाला कुत्रा म्हटले तर फारसे बिघडत नाही. आलेखाच्या बाबतीत मात्र आजची यंत्रेही न छापलेला आकडा बेधडक सांगतात, रेषा वाचण्यात चुकतात, आणि सांगताना त्यांचा सूर जराही डळमळत नाही. ज्याला पडताळता येत नाही त्याच्याशीच ती इतक्या खात्रीने बोलतात. यंत्राने कच्चा मसुदा करावा, चित्राच्या लेखकाने तो दुरुस्त करावा, इथवर माझी तक्रार नाही.

महाराष्ट्रात आणि देशात कायद्याची बाजू कागदावर भक्कम आहे. 2011 च्या जनगणनेत दृष्टीशी संबंधित अपंगत्व असलेले सुमारे 50 लाख लोक नोंदले गेले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य असावा असे म्हटले. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या प्रती करण्याची मोकळीक देणारा माराकेश करार मंजूर करणारा भारत हा जगातला पहिला देश, 2014 मध्ये. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारस म्हणून ठेवणे चालणार नाही असे बजावले, आणि एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले 2003 पासूनचे संसाधन केंद्र, 2008 पासून निघणारे ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक, दिल्लीच्या आयआयटीतून उभे राहिलेले, उठावदार रेषांची पुस्तके छापणारे रेज्ड लाइन्स फाउंडेशन, ही सगळी कामे खरी आहेत.

तरी मराठी पाठ्यमजकुरातल्या चित्रापर्यंत आपण पोचलेलोच नाही, कारण मजकूरच पुष्कळदा पोचत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधले मराठी स्क्रीन रीडरला इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटतो. स्कॅन केलेली पाने त्याच्या लेखी कोरी असतात. वर शाळेने उपाय काढलेला असतो तो सवलतीचा : आकृती, नकाशा, आलेख यांतून सूट, किंवा त्याऐवजी वेगळा प्रश्न. परीक्षेपुरता हा दिलासा आहे. पण सूट वर्षभर आधीपासून वर्गात शिरते. शिक्षक फळ्यावर नकाशा काढताना ‘तुला हे लागणार नाही’ म्हणतात आणि दहा वर्षांत मुलाकडून भूमिती, भूगोल, विज्ञान यांचा निम्मा भाग निसटतो. अकरावीत त्याला विज्ञान शाखा नाकारायला मग हेच कारण पुढे येते. दिल्लीच्या कार्तिक साहनी या दृष्टिहीन विद्यार्थ्याला विज्ञान घेण्यासाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी झगडावे लागले, आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची दारे बंदच राहिली आणि 2013 मध्ये तो स्टॅनफर्डला गेला.

शब्दांनी सगळे होते असा दावा कुणी करू नये. त्रिकोणाचे लंब एका बिंदूत मिळतात हे ऐकून कळते, बोटांनी पटते. उठावदार आकृती, आवाजाच्या चढउतारातून ऐकवलेला आलेख आणि लिखित वर्णन ही एकमेकांना धरून चालतात. हाताखाली आकृती असली तरी कुठून सुरुवात करायची, कोणती रेषा कशाची, हे शब्दच सांगतात. त्यांच्याविना स्पर्शचित्र म्हणजे खडबडीत कागद. पण प्रत्येक पुस्तकामागे उठावाची पाने छापणे महाग पडते, शब्द स्वस्त आहेत. पाठ्यपुस्तकाचा लेखक नकाशा निवडतो त्याच वेळी त्याच्याकडून पाच ओळी आणि एक तक्ता मागितला तर खर्च जवळपास शून्य. तेच काम पुस्तक छापून झाल्यावर स्वयंसेवकाने केले, तर तो पुन्हा त्या पाच छटा मोजत बसतो.

सगळ्यांत अवघड प्रसंग परीक्षेचा. नकाशाखाली ‘सर्वाधिक पावसाचा पट्टा ओळखा व कारण लिहा’ असा प्रश्न असेल, तर मी वर लिहिलेले वर्णन उत्तर फोडून मोकळे होते, आणि छटांचे वर्णन दिले तर उत्तर लिहायला काहीच हाती राहत नाही. मधला मार्ग तक्त्याचा : रत्नागिरी, महाबळेश्वर, वाई, सोलापूर, नांदेड, नागपूर, गडचिरोली, प्रत्येकापुढे किनाऱ्यापासूनचे अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पाऊस. पट्टा विद्यार्थ्याने शोधायचा, सह्याद्री त्यानेच ओळखायचा. हा तक्ता पेपर काढणाऱ्यालाच करावा लागेल. परीक्षेच्या सकाळी शेजारी बसलेल्या लेखनिकाकडून तो होणार नाही.